अर्धवट सोडलेल्या खेळाचं पुण्य



गेल्या रविवारी स्वाध्यायाला आमच्या घरी नेहमीप्रमाणे आठ-दहा जणी जमल्या होत्या. विषय होता अनर्थदंडव्रत, पण गाडी घसरली नातवंडांच्या मोबाईलवर. "दिवसभर नुसती ठो-ठो बंदूक," एक ताई तावातावाने सांगत होत्या, "जैनाच्या घरात ही हिंसा? आपले संस्कार गेले कुठे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात त्यांच्याच मांडीवरचा मोबाईल वाजला. त्यांच्या मोबाईलमधल्या शेतातलं पीक कापणीला आलं होतं. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. वर्षापूर्वीपर्यंत असाच माझा मोबाईल वाजत होता.

म्हणून आज स्पष्टच लिहिते. राग आला तर क्षमावणी नुकतीच झाली आहे, ती पुन्हा करू. माझं म्हणणं असं की मोबाईलवरच्या खेळांच्या बाबतीत आपण मुलांना जेवढं बोलतो, त्याच्या निम्मंसुद्धा बोलण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

आधी मुलांचाच खेळ घेऊ, म्हणजे मी त्यांची बाजू घेते असं कोणी म्हणणार नाही. पबजी २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने बंद केला आणि २०२१ मध्ये तो बीजीएमआय हे नाव लावून परत आला. माझ्या भाच्याच्या मुलाकडून मी तो मुद्दाम समजून घेतला. शंभर जण एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात, शेवटी जो उरतो तो जिंकतो. जिंकल्यावर पडद्यावर काय येतं माहीत आहे? 'विनर विनर चिकन डिनर'. मी त्याला म्हटलं, "अरे, हे रक्त?" तर म्हणाला, "आजी, रक्त हिरवं आहे बघ. आणि 'मारलं' नाही म्हणत, 'फिनिश' म्हणतात." आपल्या देशासाठी एवढा बदल केलाय म्हणे!

मला लगेच यशोधर राजा आठवला. जिवंत कोंबड्याचा बळी द्यायला तो तयार नव्हता, म्हणून त्याच्या आईने, चंद्रमतीने, तोड काढली: पिठाचा कोंबडा कर आणि तो काप. राजाने कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी दोघा मायलेकरांना जन्मोजन्मी पशुयोनीत भटकावं लागलं, राजा मोर झाला, आई कुत्रा झाली. का? हात पिठावर चालला, पण मनात मारण्याचा भाव होता. हिरवं रक्त म्हणजे आजचा पिठाचा कोंबडाच.

ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण त्यातली एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. तो पिठाचा कोंबडा राजाच्या हातात कोणी दिला? आईने दिला. पोर जेवत नाही, दे मोबाईल. पाहुणे आलेत, दे मोबाईल. मला मालिका बघायची आहे, दे मोबाईल. मीसुद्धा दिला आहे. भाच्याच्या त्या मुलाला दोन वर्षांचा असताना वरण-भात भरवायला पहिल्यांदा मोबाईल मीच हातात दिला होता. आज त्याला पापी म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

आता आपल्याकडे वळते. "आमच्या खेळात रक्त नाही हो," असं आपण म्हणतो. नाही? शेतीचा सगळ्यांत प्रसिद्ध खेळ म्हणजे २०१२ साली निघालेला फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा हे डे. गहू पेरा, मका पेरा, गाय पाळा, इथपर्यंत ठीक. पण त्यात कोंबड्या पाळून अंडी गोळा करायची असतात आणि डुकरं पाळून त्यांचं मांस विकायला ठेवायचं असतं. डुक्कर मरत नाही, नुसतं बारीक होतं, म्हणून आपल्याला खटकत नाही. चातुर्मासात कंदमूळ न शिवणारी बाई दुपारी अंथरुणावर पडून अंड्यांची टोपली भरते. पुन्हा पिठाचाच कोंबडा, फक्त हा गोजिरवाणा आहे.

"मग आम्ही गोळ्या जुळवतो, त्यात काय वाईट?" हा खरा प्रश्न, आणि इथे मी स्वतःच आरोपी आहे. या जातीतला सर्वांत गाजलेला खेळ कँडी क्रश, तोही २०१२ चा. त्यात पाच जीव मिळतात, गेलेला एक जीव अर्ध्या तासाने परत येतो, आणि थांबवत नसेल तर पैसे भरून पुढे जाता येतं. लेव्हल पंधरा हजारांच्या पुढे गेल्या आहेत आणि नव्या येतच राहतात. म्हणजे हा खेळ कोणालाही संपवता येऊ नये अशीच त्याची सोय आहे. माझा खेळ दुसरा होता, पण याच जातीचा.

मी फलटणला बी.कॉम. केलं, १९८१ साली. लग्न होऊन शिरवळला आले तेव्हापासून घरखर्चाची वही मीच लिहिते. चाळीस वर्षांत त्या वहीत एक पैसा इकडचा तिकडे नाही, असा माझा तोरा. तर मैत्रिणींनो, त्याच वहीत अकरा महिने मी 'भाजी व किरकोळ' या खात्यावर खोटी नोंद केली. कधी ८९ रुपये, कधी १७९. मिळून ३,९२० रुपयांचे मी रंगीत गोळ्या फोडायचे हातोडे विकत घेतले. ह्यांनी कधी विचारलं नाही, कारण वही माझी म्हणजे खरीच असणार. रकमेचं दुःख नाही, नोंदीचं आहे. सत्य आणि अचौर्य दोन्ही एका ओळीत गेले, आणि ते कशासाठी? पुढच्या गोळ्यांसाठी.

वेळेचा हिशोब तर त्याहून वाईट. मोबाईलनेच दाखवलं, रोजचे सरासरी दोन तास चाळीस मिनिटं. एक सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. म्हणजे रोज तीन सामायिकं आणि वर सोळा मिनिटं. आणि "सामायिकाला वेळच मिळत नाही गं" हे वाक्य त्याच काळात मी कितींदा म्हटलं असेल!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, दशलक्षण पर्वाच्या आठवडाभर आधी, केंद्र सरकारने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. रमी असो की दुसरं काही, त्यात कौशल्य आहे की नशीब हा वादच ठेवला नाही. बरं झालं. जुगार हे सप्तव्यसनांतलं पहिलं, आपल्याला ते नव्याने सांगावं लागू नये. पण कायदा आल्यावर मंदिराबाहेर जे समाधान ऐकू आलं, त्याने मला चीड आली. "आपण कुठे पैसे लावतो? आपण सुटलो!" बायांनो, कायदा पैशापाशी थांबतो, धर्म थांबत नाही. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला पाचवा प्रमादचर्या. ज्यातून ना घर चालतं, ना कोणाचं भलं होतं, अशी विनाकारण केलेली हालचाल. आचार्य समंतभद्रांच्या काळी विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, झाडाची पानं तोडणं होतं. आज अंगठा सरकवणं आहे.

गेल्या वर्षीची अनंत चतुर्दशी सांगते. माझा उपवास होता. उपवास म्हणजे आत्म्याच्या जवळ राहणं, हे मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आले आहे. त्या दिवशी दुपारी घर शांत होतं, बाहेर गणपती नीरेकडे निघाले होते, ढोल वाजत होते, आणि मी भूक विसरायला खेळत होते. उपवास 'निघून गेला'. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले, डोळे मिटले, तर णमोकार मंत्राच्या जागी रंगीत गोळ्या वरून खाली पडताना दिसू लागल्या. लाल, पिवळ्या, निळ्या. सगळ्या जीवांची क्षमा मागताना माझं मन तीन सारख्या गोळ्या शोधत होतं. मैत्रिणींनो, मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली. अंत्यसमयी डोळे मिटले आणि हेच दिसलं तर?

रात्री तो खेळ काढून टाकला. २,३१४ व्या लेव्हलवर होते. काढताना हात थांबला, आणि कशाने थांबला ते महत्त्वाचं आहे. "एवढं आणलंय, अर्धवट कसं सोडू?" आपल्या आयांनी आपल्याला हेच शिकवलं: पानात टाकायचं नाही, विणकाम अर्धं ठेवायचं नाही, हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही. हे खेळ बनवणाऱ्यांनी आपल्या याच चांगल्या सवयीला गळ लावला आहे. पण पानाला तळ असतो, स्वेटरला शेवटचा टाका असतो. ज्याला शेवटच नाही ते अर्धवट कसं राहणार? ते ज्या दिवशी सोडाल, त्या दिवशी पुरं झालं.

याचा अर्थ खेळच वाईट असं मी म्हणत नाही. तसं प्रवचनात ऐकते तेव्हा मला पटत नाही. गुजरात-राजस्थानातल्या जैन घरांत पूर्वी पर्युषणात ज्ञानबाजी खेळत. आजची सापशिडी तिच्याच कुळातली. चौऱ्याऐंशी घरं, चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण देणारी. शिड्या पुण्याच्या, साप पापाचे, आणि सगळ्यांत वर सिद्धशिला. तिथे पोहोचलात की खेळ संपला, पट गुंडाळा. आपल्या पूर्वजांना खेळाचं वावडं नव्हतं, पण त्यांच्या खेळाला मोक्ष होता. कँडीच्या खेळाला फक्त संसार आहे.

आणि मोबाईलवरही तसा खेळ असतो, हे मला नातीने दाखवलं. मागच्या दिवाळीत ती पुण्याहून आली तेव्हा आम्ही दोघींनी मॉन्युमेंट व्हॅली खेळून पुरा केला. २०१४ साली लंडनच्या कंपनीने काढलेला. एकदाच पैसे भरायचे, मध्ये जाहिराती नाहीत. मूळचे दहा अध्याय. इडा नावाची लहानशी राजकन्या, पांढरी टोपी घातलेली, जिने-मनोरे फिरवून वाट काढत जाते. कोणाला मारत नाही. तिच्या हातून पूर्वी चोरी झालेली असते, ती चोरलेलं एकेक परत ठेवते आणि क्षमा शोधते. मी नातीला म्हटलं, "अगं, ही तर क्षमावणीला निघाली आहे!" चार संध्याकाळी लागल्या. शेवट झाला. नातीने विचारलं, "संपला?" मी म्हटलं, "संपला." तिने मोबाईल ठेवला आणि चिवडा मागायला स्वयंपाकघरात गेली. एवढंच. ना रडारड, ना "अजून एकदा". त्या खेळाचे ३०० रुपयेही मी वहीत लिहिले, पण या वेळी खेळाच्या नावाने.

कोणी म्हणेल, "ताई, मुलं पुण्या-मुंबईला, हे दिवसभर दुकानात, दुपार खायला उठते. तेवढीच करमणूक." मला माहीत आहे. माझीही दुपार तशीच होती. पण खरं सांगा, दोन तास खेळून उठल्यावर दुपार भरल्यासारखी वाटते का? मला तर घर आणखी रिकामं वाटायचं. आता मी त्या वेळात एकीला फोन करते, किंवा ती माझ्याकडे येते. कधी पत्तेही खेळतो, पैसे न लावता. चार डाव झाले की चहा करतो.

यम आणि नियम यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे. यम जन्मभराचा, नियम ठरलेल्या मुदतीचा. मी यम घ्या म्हणत नाही, मला स्वतःला तेवढा भरवसा नाही. दिवाळीपर्यंत नियम घ्या. ज्या खेळाला शेवट नाही तो मोबाईलमध्ये ठेवायचा नाही. जो खेळ खेळाल तो नातवंडाच्या शेजारी बसून, आणि संपला की मोबाईल खाली. आणि कोणत्याही खेळावर गेलेला पैसा घरखर्चाच्या वहीत त्याच्या खऱ्या नावाने लिहायचा.

पुढच्या रविवारी स्वाध्याय आमच्याकडेच आहे. मोबाईल दाराशी टोपलीत ठेवायचे, मी टोपली काढून ठेवली आहे. माझाही पहिला त्यातच असेल.