जुना दारूगोळा: चाचणीचा निकाल पेटी उचलणाऱ्यापर्यंत पोचतो का?

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडाराला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह १९ जणांचा जीव गेला. तेव्हाचे संरक्षणमंत्री, गोव्याचे मनोहर पर्रीकर, तिथे जाऊन आले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होता, हे कारण नंतर पुढे आलं.

टीएनटी तसा शांत स्वभावाचा. साधारण ८० अंशांना वितळतो, म्हणून तो वितळवून सुरुंगात ओततात. पण त्यात अशुद्धता राहिली, तर वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात तेलकट द्रव सुटतो. तो आट्यांत, फटीत, लाकडी पेटीत मुरतो. मग जिथे स्फोटक असायलाच नको, तिथे ते असतं. घर्षण आणि धक्का नेमका तिथेच बसतो.

अशा मालाचा धक्का सोसण्याचा दम कसा मोजतात? चिमूटभर नमुन्यावर ठरावीक वजन वेगवेगळ्या उंचीवरून सोडतात आणि निम्म्या वेळा तो कुठल्या उंचीला पेट घेतो, ते टिपतात. घर्षणाची चाचणी वेगळी. पुण्यात डीआरडीओची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा स्फोटकांवरच काम करते. म्हणजे ज्ञान आपल्याकडे आहे.

पण चिमूटभर नमुना म्हणजे अख्खा सुरुंग नव्हे. स्फोटक ठीक निघालं, तरी गंजलेला फ्यूज किंवा पाझरलेली आटी दगा देऊ शकते. म्हणून भरलेली पेटी १२ मीटरवरून टाकून पाहण्याची आंतरराष्ट्रीय चाचणीही आहे. ती नव्या मालावर एकदा करून भागत नाही. वीस-तीस वर्षं गोदामात पडलेल्या मालातून नमुने काढून पुन्हा तपासायला हवेत, आणि नापास झालेला लॉट चांगल्या मालापासून लगेच वेगळा व्हायला हवा.

२० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच, नष्ट करण्यासाठी आणलेला जुना दारूगोळा गाडीतून उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत बहुतेक मजूर. माल मध्य प्रदेशातल्या खमरिया कारखान्याचा, पेट्या उचलणारे हात विदर्भातले.

प्रश्न साधा आहे. धोकादायक ठरलेला माल कधी हलवायचा, किती उंचीवरून उतरवायचा, हे त्या मजुराला त्याच्या भाषेत कोण सांगतं? तो निकाल फाईलमध्येच राहिला, तर चाचणी झाली काय नि न झाली काय, सारखंच.