रोजच्या रस्त्यापुरती गाडी

गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न माणूस शोरूमच्या आधी आपल्या गॅरेजमध्ये विचारतो. जुनी गाडी लिफ्टवर चढलेली असते, क्लच प्लेट संपलेली असते, खर्चाचा आकडा ऐकून झालेला असतो आणि मग तो म्हणतो, ‘आता बदलावीच म्हणतोय. काय घेऊ?’ शोरूममधल्या पोराला महिन्याचं टार्गेट असतं. मित्रांनी एखादं नाव आधीच डोक्यात भरवलेलं असतं. त्याच्या गाडीचं इंजिन उघडून पाहिलेले, तो क्लचवर पाय ठेवून चालवतो की नाही, गाडी रोज कुठल्या रस्त्याने जाते, हे सगळं ठाऊक असलेले तुम्ही एकटेच. तुमच्या शब्दाला तो जेवढं वजन देतो, तेवढं जाहिरातीला देत नाही.

अलीकडे मात्र आपलं उत्तर ठरून गेल्यासारखं झालं आहे. ‘एसयूव्हीच बघा, रस्ते खराब आहेत, रीसेलही चांगली.’ २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी वाहनांपैकी सुमारे ६५ टक्के युटिलिटी वाहनं होती. २०१४-१५ मध्ये हा वाटा पाव हिस्साही नव्हता. दहा वर्षांत रस्ते एवढे बिघडलेले नाहीत आणि कुटुंबं तर लहान होत चालली आहेत. वाढली आहे ती गाडीची उंची, वजन आणि हप्ता. आमचं मत स्पष्ट आहे. बहुतेक ग्राहकांना रोजच्या कामासाठी छोटी, हलकी, कमी इंधन पिणारी गाडी पुरते, आणि हे त्यांना सांगणं आपल्या धंद्याचा भाग आहे.

नाव सुचवण्याआधी चार गोष्टी विचारा. रोज किती किलोमीटर, गाडीत किती जण, रात्री गाडी कुठे लागते आणि महिन्यातून हायवेवर किती वेळा जाता. शहरातल्या ग्राहकाचं उत्तर बहुधा एकाच साच्याचं येतं. घर ते ऑफिस आठ-दहा किलोमीटर, एकटा किंवा दोघं, संध्याकाळी भाजी, मुलांचा क्लास. मग तो जरा थांबून म्हणतो, ‘पण गणपतीला गावी जायचं तर आई-वडील, सामान, सगळे असतात ना.’ सगळी चूक या वाक्यात आहे. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी तो उरलेलं वर्षभर तीन रिकाम्या सीट ओढत हिंडायला तयार झालेला असतो. कोकणात जायला सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने मिळते. तिचं भाडं आणि वर्षभराचं पेट्रोल एकाच कागदावर मांडून दाखवा.

हिशोब साधा आहे. वर्षाला १२,००० किलोमीटर धरू. शहरात प्रत्यक्ष १८ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या हॅचबॅकला ६६७ लिटर पेट्रोल लागेल. गर्दीत १० देणाऱ्या मोठ्या पेट्रोल ऑटोमॅटिकला १,२०० लिटर. फरक ५३३ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला त्रेपन्न हजार. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका गाडीमागे वर्षाला सव्वा टनाच्या आसपास धूर वाचतो. आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, हेही ध्यानात असू द्या. टायर, विमा, ब्रेकपॅड यांचा फरक यात अजून धरलेलाच नाही.

इथे अ‍ॅव्हरेजच्या आकड्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्यातले जुने-जाणतेही तिथे फसतात. २० वरून २५ वर गेलेली गाडी पाच किलोमीटर जास्त देते, १० वरून १२.५ वर गेलेली अडीचच देते. ऐकायला पहिली सुधारणा मोठी वाटते. पण १०० किलोमीटरला लागणारं पेट्रोल मोजा. पहिल्या गाडीचं ५ लिटरचं ४ झालं, दुसरीचं १० चं ८. दुसरीने दुप्पट पेट्रोल वाचवलं. खरी हानी कमी अ‍ॅव्हरेजच्या टोकाला होते. म्हणून ग्राहकाला दोन गाड्यांची तुलना करून द्याल तेव्हा १०० किलोमीटरला किती लिटर, हे सांगा. युरोपात हेच माप चालतं आणि ते जास्त प्रामाणिक आहे.

वजनाचं कारणही त्याला समजेल असं सांगता येतं. ऑल्टो के१० साधारण साडेसातशे किलोची, लॅडर चासीवरची मोठी एसयूव्ही दोन टनांच्या घरात. दर सिग्नलला गाडी शून्यावरून चाळीसवर न्यायची आणि पुढच्या सिग्नलला ती सगळी ऊर्जा ब्रेक डिस्कवर उष्णता करून घालवायची. जेवढं वजन जास्त, तेवढं हे वाया जाणं जास्त. टायरचा रोलिंग रेझिस्टन्सही वजनाबरोबर वाढतो. हायवेवर वेग वाढला की हवेचा विरोध मुख्य होतो आणि तिथे उंच, रुंद पुढचा भाग नडतो. थोडक्यात, मोठी गाडी गावात वजनाने खाते, गावाबाहेर अंगाने. ऑल्टोला १४५/८० आर१३ टायर लागतो, स्कॉर्पिओ-एनला २४५/६५ आर१७. दोन्हींचा सेट बदलल्याचं बिल तुम्हीच करता, त्यामुळे आकडे आम्ही सांगायला नकोत.

डिझेलचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ग्राहक अक्षरशः फसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि प्रवासी डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ बसला. काजळी धरून ठेवणारा हा फिल्टर स्वतःला साफ करतो ती काजळी जाळून, आणि त्यासाठी एक्झॉस्टचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावं लागतं. सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने गाडी चालली तर ते होतं. रोज सहा किलोमीटर, त्यातही तीन सिग्नलवर उभं राहणं, यात ते कधीच पूर्ण होत नाही. ईसीयू रीजनरेशन सुरू करतो, जादा डिझेल फवारतो, तेवढ्यात मालक ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन बंद करतो. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते, ऑइल पातळ होतं, डॅशबोर्डवर लाइट लागतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये तुमच्या दारात येते. यात गाडीचा दोष नाही. लांब पल्ल्याची गाडी गल्लीत वापरली, एवढंच झालं. ‘महिन्याला सहाशे किलोमीटर, सगळे शहरात’ असं सांगणाऱ्याला डिझेल एसयूव्हीचा सल्ला कोणी दिला असेल, तर त्याने त्या माणसाचं नुकसान केलं.

कायद्याने ग्राहकाला दिशा दाखवायची थोडी खटपट केली, पण ती अर्धवट राहिली. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरची एक्साइज २४ वरून १६ टक्क्यांवर आणली गेली. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल. जीएसटीही याच व्याख्येवर चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोटीला १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. पण व्याख्येत वजन नाही, उंची नाही. साडेतीन मीटरची ऑल्टो आणि बंपर-टू-बंपर चार मीटरला पाच मिलिमीटर कमी भरणारी, हजार-बाराशे किलोची उंच कॉम्पॅक्ट एसयूव्ही एकाच पंगतीत बसतात. कंपन्यांसाठीचे इंधनक्षमतेचे निकषही ताफ्याच्या सरासरी वजनाला बांधलेले आहेत. २०२२-२३ पासूनची मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची, पण ताफा जड असेल तर मर्यादा सैल होते. वजन कमी करणाऱ्याला त्यातून फारसं काही मिळत नाही.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये तिथे इंधनक्षमतेचा कायदा आला, पण कार आणि हलका ट्रक यांना वेगळी मापं लावली गेली. १९९० च्या दशकात कारसाठी निकष लिटरला साधारण ११.७ किलोमीटरचा होता, हलक्या ट्रकसाठी ८.८ चा. ट्रक शेतकऱ्याचा, गवंड्याचा, सुताराचा, त्याला ओझं वाहायचं आहे, म्हणून सवलत. शिवाय बाहेरून येणाऱ्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के आयात कर, त्यामुळे स्पर्धा नाही आणि नफा भरपूर. साहजिकच कंपन्यांनी ट्रकच घरोघरी विकायला घेतले. फोर्डची एफ-सिरीज पिकअप कित्येक दशकं देशातली सर्वाधिक खपाची गाडी आहे आणि २०१८ मध्ये तर फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडान विकणंच थांबवायचं जाहीर केलं. मागचा हौदा रिकामा ठेवून ऑफिसला जाणारी माणसं तिथे आता नवलाची राहिलेली नाहीत. उलट जपानने केई वर्ग सांभाळला. ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, ६६० सीसी इंजिन. तिथल्या नव्या गाड्यांत साधारण तीनांतली एक या वर्गातली असते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेली आपली मारुती ८०० याच घराण्यातली.

ग्राहक सुरक्षिततेचं विचारेल, आणि त्याला गोलमाल उत्तर देऊ नका. ऑल्टो के१० ला ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत दोनच तारे मिळाले, हे खरं आहे. पण २०२० मध्ये टियागोला चार आणि अल्ट्रोजला पाच मिळाले, त्याही हॅचबॅकच. तेव्हा तारे पाहा, सहा एअरबॅग पाहा, मागच्यांना बेल्ट लावायला सांगा. फक्त उंची म्हणजे सुरक्षितता नव्हे. आणि बाहेरच्या माणसाचं काय? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची, १९.५ टक्के पायी चालणारी. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. शाळा सुटताना गेटसमोर उभ्या असलेल्या उंच गाड्या आठवा, म्हणजे हा आकडा कळेल.

ज्यांना मोठी गाडी खरोखर लागते, त्यांना ती लागतेच. मेळघाटात, गडचिरोलीत, सह्याद्रीतल्या वाड्यांवर बोलेरोला पर्याय नाही. सहा-सात माणसांचं एकत्र कुटुंब, ट्रॅव्हलचा धंदा, बागायतदार, यांना छोट्या गाडीत कोंबण्यात अर्थ नाही. माल वाहायचा असेल तर २००५ पासून छोटा हत्ती आहेच.

‘गाडी खाली घासते’ ही तक्रार मात्र तपासल्याशिवाय मान्य करू नका. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असतो आणि वॅगनआरचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटर आहे. गाडी घासते तेव्हा बहुधा मागच्या स्प्रिंग बसलेल्या असतात, शॉकअप गेलेले असतात किंवा डिकीत महिनोन्‌महिने सामान पडून असतं. गतिरोधकच बेढब असेल तर तो वेगळा विषय. मालक एसयूव्ही घ्यायला निघालेला असतो आणि दोष दोन स्प्रिंगांचा निघतो.

आपणही छोटी गाडी बिघडवतो, हे मान्य करू या. ग्राहकाने मागितला म्हणून रुंद टायर बसवतो, कायमचा रूफ कॅरियर लावतो, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बंदोबस्त करायला सांगितलेले क्रॅशगार्ड अजून बसवले जातात. प्रत्येकाने वजन किंवा हवेचा विरोध वाढतो, आणि मग ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ म्हणून तीच गाडी परत येते. त्यापेक्षा सर्व्हिसिंगला टायरची हवा थंड टायरवर मोजणं, ब्रेक चिकटत नाही ना हे चाक उचलून फिरवून पाहणं, कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं पातळ ऑइल भरणं, या तीन गोष्टी नेमाने झाल्या तर कंपनीच्या आकड्याजवळ जाता येतं.

मोठ्या गाडीचं बिल मोठं, मग आपण आपल्याच पोटावर का मारून घ्यायचं, असं काही वाचक म्हणतील. नव्या मोठ्या गाड्यांत काचेमागे अ‍ॅडासचा कॅमेरा आहे. काच बदलली तरी कॅलिब्रेशन लागतं, आणि ते काम कंपनीच्या वर्कशॉपकडे जातं. हॅचबॅकचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात, काम आपल्या हातचं आहे आणि ती गाडी पंधरा वर्षं आपल्याकडेच येत राहते.

या महिन्यापासून आम्ही प्रत्यक्ष अ‍ॅव्हरेजच्या नोंदी मागवत आहोत. टाकी फुल ते टाकी फुल, किमान तीन वेळा भरून. मॉडेल, वर्ष, इंधन, टायरचा साइझ, एसी किती वापरला, शहर किती आणि हायवे किती, आणि १०० किलोमीटरला किती लिटर लागले, एवढं लिहा. मालकाचं नाव नको. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आलेल्या नोंदींचा तक्ता त्यानंतरच्या अंकात मधल्या पानावर छापू. तो काढून काउंटरवर लावता येईल असाच मांडणार आहोत.