अंदाज खेळात बांधा, उताऱ्यावर नको

नायगाव म्हणजे कुठलं? साताऱ्याकडचा माणूस म्हणेल, खंडाळा तालुक्यातलं, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. नांदेडकर म्हणेल, आमचं तालुक्याचं ठिकाण. वसईकर रेल्वे स्टेशन दाखवील. आणि ज्याचा बाप-चुलता मुंबईत गिरणीत होता तो म्हणेल, दादर पूर्वेचं, बीडीडी चाळींचं नायगाव. चौघेही आपापल्या जागी बरोबर. पण चौघांनी नुसतं 'नायगाव' वाचून एकाच कागदावर सह्या केल्या, तर भांडण ठरलेलं! एका साध्या गावाच्या नावाची ही गत. मग सातबाऱ्यावरच्या शब्दांचं काय?

मुंबईच्या नायगावचं नाव काढायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे तिथे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. संस्था १८९८ सालची. जुने शब्दकोश धुंडाळायचे तर माणूस अशाच ठिकाणी जातो. मोल्सवर्थ साहेबाच्या १८५७ च्या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द आहेत, आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात जाडजूड खंड आहेत. दुसरं कारण म्हणजे नायगावात घाटावरची आणि कोकणातली निम्मी-अधिक घरं. त्यांची जमीन गावी आणि माणसं चाळीत. त्यांचं गावाशी नातं जसं सणावाराचं, तसंच सातबाऱ्याचंही.

आता एक खेळ सांगतो. पाच-सात जण बसावेत. एकाने कोशातला अडगळीतला शब्द काढावा आणि खरा अर्थ चिठ्ठीवर लिहावा. बाकीच्यांनी आपापल्या मनाने खोटा, पण पटेल असा अर्थ लिहावा. सगळ्या चिठ्ठ्या मिसळून मोठ्याने वाचाव्यात. खरा अर्थ ओळखला की एक गुण, आणि आपली थाप दुसऱ्याला खरी वाटली तरी एक गुण. विलायतेत बीबीसीने १९६५ पासून असाच कार्यक्रम दाखवला. एका शब्दाचे तीन अर्थ सांगायचे, त्यातला खरा एकच. आपल्याकडे कोडी, हुमाणं, उखाणे पूर्वीपासून आहेतच, त्यामुळे गावाला हा खेळ शिकवावा लागणार नाही.

फक्त शब्द कोशातून न घेता सातबारा, आठ-अ आणि फेरफारातून घ्या, एवढीच सूचना. मग बघा काय गंमत होते ती!

'शिव रस्ता' घ्या. दहातले चार जण महादेवाच्या देवळाकडे बोट दाखवतील. शिव किंवा शीव म्हणजे गावाची हद्द. दोन गावांच्या हद्दीवरून जातो तो शिव रस्ता. दादरच्या पुढचं दुसरं स्टेशन शीव, तेही मुंबई बेटाच्या हद्दीवरचंच. 'जिरायत' घ्या. पावसाचं पाणी जिरतं म्हणून जिरायत, असं कुणीही छातीठोकपणे सांगेल आणि सगळ्यांना पटेलही. पण शब्द अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ नुसता 'शेती'. तसाच 'खरीप' म्हणजे शरद आणि 'रब्बी' म्हणजे वसंत. पिकं काढणीला येतात त्या ऋतूंवरून नावं पडली. इथवर हसून सोडून द्यावं. चुकलं तर एक गुण गेला, दुसरं काही जात नाही.

पुढचे शब्द मात्र महागात पडतात.

'पोटखराब' म्हटलं की पोरं हसतात. सर्व्हे नंबरच्या पोटातलं लागवडीला न येणारं क्षेत्र, तो पोटखराबा. त्यातही दोन वर्ग. 'अ' म्हणजे खडकाळ, नाल्या-खंदकाचं वगैरे, आणि 'ब' म्हणजे रस्ता, कालवा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं. वर्ग अ सुधारून लागवडीखाली आणलं असेल, तर ते लागवडयोग्य म्हणून लावून घेण्याची वाट २०१८ च्या दुरुस्तीने मोकळी झाली. पण 'खराब म्हणजे खराब, त्यात काय बघायचं' म्हणणाऱ्याला ही वाट दिसणार कशी?

'आकार' म्हणजे लांबी-रुंदी नव्हे, तो शेतसाऱ्याचा आकडा. कुळकायद्याने मिळालेली जमीन विकायची, आणि खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील, तर आकाराच्या ४० पट नजराणा भरायचा, अशी तरतूद २०१४ साली आली. आकार ५ रुपये असेल तर भरणा २०० रुपये. ज्याला 'आकार' कळत नाही, त्याला मधला माणूस 'नजराणा' म्हणून किती सांगेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

'कूळ' म्हणजे घराणं नव्हे, दुसऱ्याची जमीन कसणारा. 'भोगवटादार वर्ग २' म्हणजे जमीन हलक्या प्रतीची नव्हे. तिच्या हस्तांतरावर बंधनं आहेत आणि परवानगी घ्यावी लागते. विदर्भातल्या गावांत 'निस्तार पत्रक' असतं. सरकारी पडीवर गुरं चारणं, सरपण आणणं, या गावाच्या हक्कांची ती नोंद. शब्दच माहीत नसेल तर तो कागद मागणार कोण?

आणि आता सगळ्यात अवघड शब्द. तीनच अक्षरं, 'ए.कु.मॅ.' खेळात विचारून बघा. कुणी योजनेचं नाव सांगेल, कुणी बँकेचं. अर्थ आहे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, थोरला गावी होता, धाकटा नायगावात गिरणीत. वारसनोंद थोरल्याच्या नावाने झाली, पुढे ही तीन अक्षरं पडली. म्हणजे थोरला एकटा मालक नव्हे, सगळ्यांच्या वतीने त्याचं नाव लागलं. तेव्हा भावाभावांत समज होती, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि कितीतरी कामगार पेटी उचलून गावी आले. गावी येऊन कसायचं तर उताऱ्यावर नाव कुठे आहे? आज त्याच घरांतले नातू एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. 'आमच्या आजोबांच्या एकट्याची जमीन' असं इकडचे प्रामाणिकपणे म्हणतात, कारण त्या अक्षरांचा अर्थ कुणी सांगितलेलाच नसतो. बहिणींचं तर नावही निघत नाही. अशा वेळी जुना फेरफार काढून बघावा. त्यात बहुधा सगळ्या वारसांची नावं सापडतात. उतारा पुन्हा लिहिताना अक्षरं गळली असतील, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्ती मागता येते. कायद्यात अशा चुकीला 'लेखनप्रमाद' म्हणतात. हाही शब्द खेळात घालावा असाच!

कुणी म्हणेल, उतारे संगणकावर आले, २०१७ साली गावोगाव चावडी वाचनही झालं. झालं, आणि ते चांगलंच झालं. पण वाचणाऱ्याने 'ए.कु.मॅ.' म्हटलं आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली, तर त्या वाचनाने काय साधलं? कानावर पडणं वेगळं आणि कळणं वेगळं.

दुसरे म्हणतील, शब्दच सोपे करा. करावेत. २०२४ साली तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी' झाला, ग्रामसेवक 'ग्रामपंचायत अधिकारी' झाला. शिवाजी महाराजांनीही राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. पण नवा शब्द आला म्हणून जुना कागद जात नाही. वाद कोर्टात गेला की पन्नास-साठ सालचा फेरफारच पुढे येतो, आणि तो जुन्याच भाषेत बोलतो. म्हणून जुने शब्द माहीत असलेच पाहिजेत.

खेळ कशाला, नुसती यादी छापून लावा की, असंही कुणी विचारील. यादी भिंतीवर राहते. खेळात एक गोष्ट अंगवळणी पडते, ती म्हणजे पटणारा अर्थ आणि खरा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जो सगळ्यात ठासून सांगतो त्याचीच थाप बहुतेक वेळा खपते. तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसलेला मधला माणूस दुसरं काय करतो? 'काही नाही मावशी, नुसती नाव कमी करायची सही आहे' असं तो सांगतो तेव्हा तोही एक अर्थच सांगत असतो. चार वेळा खेळात फसलेली मावशी पाचव्या वेळी म्हणेल, 'थांबा, आधी कागद वाचून दाखवा.' एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

तेव्हा सरपंच आणि महसूल अधिकाऱ्यांना विनंती आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या दिवशी अर्धा तास काढा आणि दर वेळी पाचच शब्द घ्या. पंच म्हणून महसूल अधिकाऱ्याने बसावं. शब्द कुठून आला हे कोश सांगेल, पण उताऱ्यावरचा अर्थ कायदा आणि नियमच सांगतील, हे पंचाने विसरू नये. खरा अर्थ फळ्यावर लिहूनच सभा सोडावी, नाहीतर खोट्या चिठ्ठीचा अर्थच गावभर व्हायचा! बाया-बापड्यांना पुढे बसवा, त्यांच्या सह्याच सर्वात स्वस्तात घेतल्या जातात.

आणि नायगावच्या मंडळींनो, तुमच्याकडे चाळी पाडून टॉवर होतायत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांच्या घराचे करार वाचताना 'कार्पेट' आणि 'कॉर्पस फंड' म्हणजे काय हे तुम्ही एकमेकांना विचारलंच असेल. तीच सवय गावच्या कागदालाही लावा. ग्रामस्थ मंडळाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपला सातबारा आणावा. गणपतीला गावी याल तेव्हा भावासमोर बसून तो वाचा. शब्द अडला तर अंदाज बांधू नका, दोघांनी मिळून चावडीवर जा आणि विचारा.