आहेर माणसाला की घराला?

धर्माबादहून निझामाबादकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात बासरला पोहोचते. राज्य बदलते, फलाटावरची लिपी बदलते. लग्नमंडपातली रीत मात्र फारशी बदलत नाही. इकडे लेकीची ओटी भरतात, तिकडे तांदळाने भरलेल्या ओटीला 'ओडी बिय्यम' म्हणतात. इकडे मंडपाच्या कोपऱ्यात कोणीतरी आहेराची वही उघडून बसतो, नाहीतर ध्वनिक्षेपकावरून 'अमुक पाहुण्यांकडून ५०१ रुपये' असा पुकारा होतो. तिकडे तर आहेराला शब्दच 'चदिविंपुलु', म्हणजे वाचून दाखवण्याची गोष्ट!

हा पुकारा ऐकून युरोप-अमेरिकेतला पाहुणा गोंधळून जाईल. तिकडे भेटीची किंमत चारचौघांत उच्चारणे असभ्य समजतात. किमतीची चिठ्ठी काढून वस्तू रंगीत कागदात गुंडाळायची, घेणाऱ्याने ती देणाऱ्यासमोरच उघडायची, आनंद दाखवायचा आणि मागाहून आभाराचे पत्र पाठवायचे. तिथे भेट माणसाला असते; त्याची आवड ओळखली की देणारा जिंकला.

चिनी घरात याच्या उलट. पाहुण्यासमोर भेट उघडणे हावरेपणाचे, आणि दोन-तीनदा 'नको, नको' म्हटल्याशिवाय ती घेणेही बरे दिसत नाही. लग्नात लाल पाकिटातून पैसे देतात, तेही सम आकड्यात. चार मात्र टाळायचा, कारण त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. आपण शुभ म्हणून शंभरावर एक रुपया ठेवतो. तिकडे असा विषम आकडा पांढऱ्या पाकिटातून मयताच्या घरी जातो! घड्याळाचेही तसेच. 'घड्याळ देणे' आणि 'अंत्यविधीला जाणे' हे चिनी भाषेत एकसारखे ऐकू येते. २०१५ मध्ये ब्रिटनच्या मंत्री सुसान क्रेमर यांनी तैपेईचे महापौर को वेन-जे यांना खिशातले घड्याळ भेट दिले. 'भंगारात विकेन' असे महापौर बोलून गेले आणि दोन्हीकडे अवघडलेपण आले. क्रेमरबाईंचा हेतू चांगला होता, पण नुसत्या हेतूने रीत सांभाळली जात नाही.

असे असले तरी चिनी खेडे आपल्याला परके वाटणार नाही. युन्शियांग यान या मानववंशशास्त्रज्ञाने ईशान्य चीनमधल्या शियाजिया गावावर १९९६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या अभ्यासाचा मोठा आधार होता घरोघरी जपलेल्या आहेराच्या याद्या. कोणी किती दिले, हे पाहून पुढे त्याच्या घरी किती द्यायचे ते ठरते. म्हणजे आपली वहीच ती! इथे आहेर माणसाला नसतो, घराला असतो. फ्रेंच विचारवंत मार्सेल मोस याने १९२५ मध्येच म्हटले होते की देणे, घेणे आणि परत करणे ही भेटीची तिन्ही बंधनेच आहेत.

मग या वहीला मागासलेपण म्हणायचे का? घाई करू नये. पाऊस दगा देतो त्या वर्षीही मुलीचे लग्न थांबत नाही. अशा वेळी पन्नास घरांनी दिलेले शंभर-शंभर रुपये म्हणजे बिनव्याजी उसनवारीच. सावकाराची पायरी तेवढी कमी चढावी लागते. निमंत्रणपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापणे सधन घराला शोभून दिसते. गरिबाच्या घरी त्याच ओळीने हक्काची मदत बंद होते.

पण वहीला दुसरी बाजूही आहे. एकाने हौसेने भारी आहेर केला की दुसऱ्याच्या डोक्यावर परतफेडीचे ओझे चढते. कोरडवाहू शेतकरी मेहुण्याच्या बरोबरीसाठी कर्ज काढतो; साडी हलकी निघाली म्हणून विहीणबाई वर्षभर अबोला धरतात. मदतीची वही इथे मानपानाची होते. पुकाऱ्यात कमी आकडा ऐकवला जाईल म्हणून लग्नाला जाण्याचेच टाळणारा गरीब सोयराही याच मंडपाचा असतो.

म्हणून वही जपावी, पुकारा सोडून द्यावा. पाश्चात्त्यांकडून किंमत न बोलण्याची सभ्यता घ्यावी, आणि परतफेडीची आपली जुनी जाण ठेवावी. आहेर आपल्या ऐपतीप्रमाणे करावा असे आपण म्हणतो. त्याबरोबर समोरच्याला तो सहज फेडता येईल ना, एवढे पाहिले तर कोणताही सोयरा मंडपाबाहेर राहणार नाही.