नारळ आणि राइटसायझिंग

नोकरीच्या मुलाखतीसाठी 'अ‍ॅडव्हान्स्ड' इंग्रजी शिकवणारे वर्ग पूर्वी म्हापसा-मडगावला जाऊन गाठावे लागत. आता ते मोबाइलवर आले आहेत. त्यांतले शब्द मी चाळून पाहिले. गो-गेटर, टीम प्लेयर, ग्लास सीलिंग, डेड-एंड जॉब. वाईट काही नाही. इंग्रजी यायलाच हवे, मराठीच्या अभिमानावर मुलांची पोटे भरत नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. मुलाखतीत मिरवायचे शब्द सगळे शिकवतात, नेमणूकपत्रातले कोणी शिकवत नाही.

परक्या शब्दांचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. नोकर, चाकर, कारकून फारसीतून आले, हुद्दा आणि रजा मुळात अरबी. 'पगार' तर पोर्तुगीज. त्या भाषेत पैसे चुकते करणे असे ते क्रियापद आहे, आपण त्याचे नाम करून टाकले. पुण्याच्या माणसाला हे सांगा, त्याला खरे वाटणार नाही! पण हे शब्द कामातून, तोंडातोंडी आले. ज्याला पगार मिळायचा त्याला पगार म्हणजे काय ते ठाऊक होते. आपल्या तारवटींना 'साइन ऑफ' कोणी वर्गात शिकवले नाही. साइन ऑफ म्हणजे जहाज सोडून घरी, हे त्यांच्या घरच्यांनाही कळते.

आताचे बरेचसे शब्द वरून येतात, आणि काही तरी झाकत येतात. सीटीसी घ्या. मुलगा घरी सांगतो, "पॅकेज चार लाखांचे." आई मनातल्या मनात बाराने भागून महिना 33 हजार धरते. प्रत्यक्षात भविष्य निर्वाह निधीत मालकाने भरायचा वाटाही त्या चार लाखांतच मोजलेला असतो. पुष्कळदा ग्रॅच्युइटीची तरतूदही असते, आणि मिळाला तर मिळाला असा 'व्हेरिएबल पे' असतो. वर मुलाचा स्वतःचा वाटा कापला जातो तो वेगळाच. पहिला पगार हातात पडतो तेव्हा घरात शांतता पसरते.

सरकारही मागे नाही. मी कारकून, असली पत्रे माझ्या टेबलावरून जातात. 'कन्सॉलिडेटेड पे' ऐकायला किती भक्कम! अर्थ एवढाच, की ठरावीक ठोक रक्कम, महागाई भत्ता वगैरे विसरा. 'को-टर्मिनस' म्हणजे ज्या साहेबाबरोबर आलात त्याच्याबरोबर जायचे. 'कॉन्ट्रॅक्ट बेसिस'वर लागलेली मुले तर आज ना उद्या कायम होऊ म्हणून वर्षे काढतात. केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी खटल्यात 2006 सालीच सांगितले आहे. 'बेसिस' या शब्दाखाली काय दडले आहे, ते रुजू होण्याआधीच कोणी तरी समजावायला हवे होते.

मराठीत माणसाला कामावरून काढले की त्याला नारळ दिला म्हणतात. थट्टा आहे खरी, पण झाले काय ते लपत नाही. इंग्रजीत आधी डाउनसायझिंग आले, ते कडू लागू लागल्यावर राइटसायझिंग. 'लेट गो' म्हणजे तर जणू तोच हात सोडवून घ्यायला धडपडत होता. आता, इंग्रज माणूसही घरी 'सॅक' केले असेच रोखठोक म्हणतो, आणि आपल्या सरकारी मराठीतले 'सेवामुक्त' काही कमी साळसूद नाही. गुळमुळीतपणा भाषेत नसतो, कागद लिहिणाऱ्यात असतो.

म्हणून वर्गवाल्यांनी ग्लास सीलिंगचा एक तास कमी करून नेमणूकपत्र वाचायला घ्यावे. प्रोबेशन किती महिन्यांचे, ते वाढवता येते का? नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? बाँडची रक्कम कुठल्या खर्चापोटी? मुलांनी हे इंग्रजीत विचारावे, मराठीत नाही तर कोकणीत विचारावे, पण सही करायच्या आधी विचारावे.