मुळीचं नाव न लिहिणाऱ्या मुलीचे आठ मार्क

पालघर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी एम.ए.ला संशोधन पद्धती शिकवतो. वर्गात बरीच मुलं वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी. आज एक कबुली द्यायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका वारली मुलीने आपल्या पाड्यावरच्या औषधी झाडपाल्यावर प्रकल्प केला होता. माहिती आजीकडून घेतलेली. चौदा वनस्पतींची नावं, उपयोग, सगळं नीट. पंधराव्या मुळीपुढे मात्र एवढंच लिहिलेलं, 'आजीने नाव लिहू नको सांगितलं.' मी लाल पेनाने 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारला आणि आठ मार्क कापले. ती काही बोलली नाही. आमची मुलं बोलत नाहीतच, आणि आपल्याला वाटतं, पटलं असेल.

आज वाटतं, त्या वर्गात संशोधनाची शिस्त तिनेच पाळली होती. माहिती देणाऱ्याने घातलेली अट तिने मोडली नाही, आणि अट होती हे लपवलंही नाही. आणखी काय हवं होतं मला?

आपल्या पुस्तकांतला संशोधक बाहेरून येतो, फॉर्म भरून घेतो, निघून जातो. माझ्या वर्गातली पोरं कुठे जाणार? त्यांना त्याच पाड्यावर राहायचंय, त्याच आजीच्या हातची भाकर खायचीय.

संमतिपत्राचंच घ्या. आपण म्हणतो, सही किंवा अंगठा घ्या, म्हणजे नैतिकता पाळली. अहो, या भागात सावकारांनी कागदावर अंगठे घेऊनच जमिनी गिळल्या. १९४५ चा वारल्यांचा उठाव इथलाच. म्हाताऱ्यापुढे कागद सरकवला की तो गप्प होतो, आणि आपण अहवालात लिहितो, 'उत्तरदाते सहकार्य करत नाहीत'!

एकदा मी सर्वेक्षण जानेवारीत ठेवलं. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, तेव्हा गावात असतंय कोण?" खरंच की. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याची कितीतरी घरं वीटभट्टीवर गेलेली असतात. माझा नमुनाच चुकणार होता, आणि ते मला पुस्तकाने नाही, त्या पोराने सांगितलं.

काही सहकारी म्हणतात, "असं सगळ्यांना विचारत बसलं तर शास्त्रीयपणा राहील का?" मला उलट वाटतं. न विचारता गोळा केलेली उत्तरं बहुतेक वेळा साहेबाला बरं वाटावं म्हणून दिलेली असतात. त्यांची टक्केवारी काढून काय उपयोग?

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ साली संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. आपल्याकडे गडचिरोलीच्या मेंढा-लेखात गावकरी कितीतरी वर्षं अभ्यासगटात बसून जंगल, कायदा समजून घेत आलेत आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने करत आलेत. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो या अभ्यासाच्या जोरावरच, असं माझं मत.

आता मी तीन गोष्टी करतो. विषय आधी पाड्याच्या बैठकीत सांगायचा, संमती तिथे तोंडी घ्यायची आणि पोरांनी ती वहीत नोंदवायची. प्रश्न वारलीत, कातकरीत, ज्या बोलीत घर बोलतं त्या बोलीत विचारायचे. आणि अहवाल जमा करण्याआधी गावात वाचून दाखवायचा. लोक म्हणाले 'हे काढ', तर काढायचं, आणि काढलं असं लिहायचं. त्याचे मार्क कापायचे नाहीत. विद्यापीठाच्या फॉरमॅटमध्ये यातलं काहीच बसत नाही, त्यामुळे दरवर्षी बाहेरच्या परीक्षकांशी वाद होतो. होऊ दे.

अभ्यास मंडळावर असलेले कुणी हे वाचत असतील, तर प्रकल्पाच्या गुणांमध्ये 'गावात वाचन' याला दहा मार्क ठेवा, एवढीच मागणी आहे. आणि ज्यांच्या पाड्यावर कुणी फॉर्म भरून नेले आणि परत तोंड दाखवलं नाही, त्यांनी खाली जरूर लिहा. मी ते वर्गात वाचून दाखवणार आहे. अर्थात, तुमची परवानगी असेल तरच.