आश्रयाचा मोबदला वेठीने नको

कोरीट, जि. नंदुरबार

जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील साल-ओर्ला जिल्ह्याने २०२४ साली आश्रयार्थींना रोज चार तास सार्वजनिक कामास लावण्याचे ठरविले. मोबदला तासाला ८० सेंट. नकार देणाऱ्याच्या निर्वाहभत्त्यात कपात. ज्या समाजाने आसरा दिला त्याची थोडी सेवा केली तर बिघडले कोठे, असे पुष्कळांस वाटेल.

प्रश्न दिसावयास सोज्वळ आहे. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री गावकीची कामे केली, त्यांनी तरी तो सावधपणे ऐकावा. सरकारी अंमलदाराचे ओझे वाहणे, सांगावे पोचविणे, मेलेली ढोरे ओढणे यांसही गावाची सेवाच म्हणत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या सेवेविरुद्धच होय.

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. तेव्हा आश्रयार्थीचा आधार म्हणजे घटनाच. अनुच्छेद २३ ने वेठबिगार निषिद्ध केली, आणि हे संरक्षण केवळ नागरिकांपुरते ठेवले नाही. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले की, दारिद्र्याच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी दरात केलेले कामही सक्तीचेच. पुढच्याच वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांसही हेच तत्त्व लावले गेले. सरकारने पोटास घातले म्हणून मजुरी कापण्याचा हक्क सरकारला मिळत नाही.

येथे प्रतिपक्षाचे एक म्हणणे मात्र खरे आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा घेण्याची मुभा राज्यास दिली आहे. धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करावयाचा नाही, एवढीच अट. राष्ट्रीयत्व त्या यादीत नाही! या फटीतून परकीयांवर वेठ लादता येईल, असा युक्तिवाद उद्या कोणी वकील करील. आमच्या मते तो टिकू नये. कारण कायद्यापुढील समानता देणारा अनुच्छेद १४ हाही नागरिकांपुरता नाही. सेवा सक्तीचीच हवी असेल तर शेजारच्या सुखवस्तू गृहस्थासही फावडे द्यावे.

हा वाद आपणांस परका नाही. कप्ताई धरणाने उठलेले चकमा आपलेच धर्मबांधव. अरुणाचलातील त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास १९९६ साली द्यावा लागला. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. त्यांस कसावयास जमीन दिली गेली. आणि आमच्याच जिल्ह्यात सरदार सरोवराने उठविलेली कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांत वसविली गेली. ती निर्वासित नव्हेत, या देशाचे नागरिक आहेत. त्यांस, आधी चार तास रस्ता झाडा, मग घराचा तुकडा, असे कोणी म्हटले असते तर आपण काय म्हटले असते?

आश्रयार्थीस कामाचा परवाना द्यावा, भाषा शिकवावी, कामास पुरे दाम द्यावे. इतके दिल्यावर कोणी आपखुषीने गावची विहीर उपसावयास आला, तर त्याच्या हाती दोर जरूर द्यावा.